जुन्या व्हॅनचा क्लच मास्टर सिलेंडर : दोष कसा ओळखावा, सिलेंडर कसा बदलावा



गाळप हंगाम संपला, वाहने घरी आली. आता पेरणीची गडबड आणि पाठोपाठ आषाढी. आपल्या कार्यक्षेत्रातील बऱ्याच गावांच्या दिंडीबरोबर एखादी जुनी व्हॅन असते. मागची बाके काढून तीत गाद्या, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी आणि शिध्याची पोती ठेवलेली असतात. रात्री म्हातारी माणसे तीतच झोपतात. हीच गाडी हंगामात टोळीचे सामान वाहते आणि अडीनडीला दवाखान्याची फेरीही मारते. दहा-पंधरा वर्षे राबलेल्या अशा गाडीचा एक छोटा भाग पुष्कळांना ठाऊक नसतो. तो म्हणजे क्लचचा मास्टर सिलेंडर. आजचा पाठ त्याविषयी आहे.

शेतकी खात्याच्या माणसाने क्लचवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा म्हणून आम्ही वर्षभर कानीकपाळी ओरडत असतो. ऊस उन्हात पडून राहिला तर वजन घटते आणि साखरही उलटते. पण उसाला उशीर होतो तो दर वेळी टोळीमुळेच होतो असे नाही. वाटेत गिअर पडेना म्हणून गाडी उभी राहते आणि तिच्यामागे दहा वाहने अडतात. दुसरे कारण याहून मोठे आहे. क्लच सुटत नसलेली गाडी पेडल पूर्ण दाबले तरी हळूहळू पुढे सरकते. मोकळ्या रानात याचे काही वाटत नाही. वारीच्या वाटेवर मात्र बंपरपासून दोन हातांवर माणसे चालत असतात.

हा मजकूर कारखान्याच्या वाहन विभागातील अनुभवी मंडळींबरोबर बसून, एक गाडी उघडून, पायरीपायरीने लिहिला आहे.

१. हा पाठ कोणत्या गाडीला लागू आहे?

क्लचचे पेडल आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जोडणी तीन तऱ्हेची असते. एकीत लोखंडी सळया आणि कड्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना हीच असते. दुसरीत केबल असते. तिसरीत तेलाची नळी असते, तिला हायड्रॉलिक क्लच म्हणतात. हा पाठ फक्त या तिसऱ्या तऱ्हेचा आहे. ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनला आणि ४०७ सारख्या टेम्पोला असा क्लच असतो. आपल्या गाडीला कोणता आहे हे कळण्यासाठी पेडलच्या वरच्या टोकाला पाहावे. तिथे सळई एका छोट्या नळकांड्यात शिरलेली दिसली आणि त्यातून धातूची बारीक नळी निघालेली दिसली, की हायड्रॉलिक क्लच समजावा.

ट्रॅव्हलर ही १९८७ साली पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, बाजारात आणली. ती जर्मनीतील मर्सिडीज-बेंझच्या टी-१ या व्हॅनवर बेतलेली होती आणि ती मूळ व्हॅन १९७७ सालची. तिकडे हौशी लोक जुन्या टी-१ मध्ये बिछाना, कपाट आणि शेगडी बसवून तिचे फिरते घर करतात. त्याला ते कॅम्पर म्हणतात. आपल्या दिंडीची गाडी ही तिचीच वारकरी बहीण म्हणायची. या गाड्यांचे इंजिन दमदार, पत्रा जाड, त्यामुळे माणसे त्या सोडत नाहीत. पण रबराचे आयुष्य इंजिनाएवढे नसते, आणि क्लच मास्टर सिलेंडरचा जीव रबरातच असतो.

२. रचना आणि काम

मास्टर सिलेंडर म्हणजे एक नळकांडे आणि त्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या. दट्ट्याच्या पुढच्या टोकाला रबरी कप वॉशर असतो. फवारणी पंपाच्या दट्ट्याला वॉशर असतो, तोच प्रकार. मागच्या टोकाला दुसरा वॉशर असतो. तो तेल केबिनमध्ये येऊ देत नाही. वर तेलाची टाकी असते. काही गाड्यांत टाकी वेगळी असते, तर काहींत ब्रेकच्या टाकीतूनच रबरी नळीने क्लचला तेल येते.

पेडल दाबले की सळई दट्ट्याला पुढे ढकलते. टाकीतून तेल येण्याचे बारीक भोक कप वॉशरने झाकले जाते आणि कोंडलेले तेल नळीतून गिअरबॉक्सजवळच्या दुसऱ्या नळकांड्यात जाते. त्याला स्लेव्ह सिलेंडर म्हणतात. त्याचा दट्ट्या क्लचचा फोर्क ढकलतो, प्रेशर प्लेट मागे होते आणि क्लच प्लेट सुटी होते. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. तो इथे रोज वापरात असतो.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. पायाचा जोर १५ किलो आहे आणि पेडलची तरफ सहापट आहे, असे समजा. मग सळईवर ९० किलो जोर येतो. मास्टरच्या दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटीमीटर. तेलात दाब आला दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २९ किलो. स्लेव्हचा व्यास २५ मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारे ४.९. म्हणून फोर्कवर सुमारे १४० किलो जोर पडतो. पंधरा किलोचे एकशे चाळीस झाले.

पण जोर वाढला की चाल कमी होते. मास्टरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा सुमारे १६ मिलिमीटरच सरकतो. तेवढ्या चालीत एकूण तेल सरकते सुमारे ८ घन सेंटीमीटर. आता यातले नुसते १ घन सेंटीमीटर तेल वॉशरच्या कडेने मागे निसटले, किंवा तेवढ्या जागेत हवा बसून ती दबली, तर स्लेव्हची चाल २ मिलिमीटरने तुटते. चहाच्या चमच्यातसुद्धा पाच घन सेंटीमीटर मावतात. म्हणजे चमच्याच्या पाचव्या हिश्शाएवढ्या गळतीने क्लच अर्धवट सुटतो आणि गिअर खरखरतो. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शनमध्ये हवा शिरली की मोटर फिरते पण पाणी येत नाही, हे आपण अनुभवले आहे. इथेही तसेच होते.

३. प्लेट गेली की सिलेंडर गेला?

या पाठातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग. "क्लच गेला" एवढे ऐकले की गिअरबॉक्स उतरवून प्लेट टाकायची, असा पुष्कळ ठिकाणी प्रघात आहे. त्यात गाडीचा दिवस जातो, मजुरी जाते, आणि दोष सिलेंडरमध्ये असेल तर तो तसाच राहतो. म्हणून आधी लक्षण ओळखावे. क्लचचे दुखणे दोन तऱ्हांचे असते.

(अ) क्लच धरत नाही. म्हणजे चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो. अशा वेळी बहुधा प्लेट झिजलेली असते, किंवा तिच्यावर ऑइल आलेले असते.

(आ) क्लच सुटत नाही. म्हणजे पेडल दाबूनही गिअर पडत नाही किंवा खरखर होते, गाडी पुढे सरकू पाहते. अशा वेळी आधी सिलेंडर, नळी आणि तेल तपासावे. "सायेब, एकदा दाबून न्हाई पडत, दोन-तीनदा पाय मारला की मग पडतोय गिअर," असे ड्रायव्हर म्हणाला तर दोष तेलाच्या बाजूचा आहे, असे निम्मे निदान तिथेच झाले. प्लेट झिजली असेल तर पाय मारून ती भरून येत नाही. हवा किंवा गळती असेल तर पाय मारल्याने थोडा वेळ दाब येतो.

४. चार तपासण्या

गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी या चार तपासण्या कराव्यात. एक मदतनीस लागेल. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना पुढूनमागून ठोकळे लावावेत.

पहिली : टाकीतील तेल पाहावे. पातळी उतरली असेल तर कुठे तरी गळती आहे. तेल काळे आणि गढूळ असेल तर आतले रबर झिजून त्यात मिसळते आहे.

दुसरी : केबिनमध्ये पेडलच्या वरच्या सळईला आणि मास्टरच्या मागच्या रबरी टोपीला बोट लावावे. बोट ओले झाले किंवा पेडलवरून तेलाचा ओघळ आलेला दिसला, तर मास्टरचा मागचा वॉशर गेला. मग गाडीखाली जाऊन स्लेव्हची रबरी टोपी जरा उचलावी. आत तेल असेल तर स्लेव्ह गेला. दोन्ही सिलेंडर एकाच वयाचे असतात. नव्या मास्टरचा पुरा दाब आला की म्हातारा स्लेव्ह थोड्याच दिवसांत गळू लागतो. त्यामुळे स्लेव्ह जरासा ओला असला तरी दोन्ही बरोबरच बदलावेत.

तिसरी : इंजिन बंद ठेवून मदतनीसाने पेडल सावकाश पूर्ण दाबावे आणि मिनिटभर तसेच धरावे. आपण स्लेव्हच्या सळईकडे पाहावे. सळई किती सरकली ते पट्टीने मोजावे. पेडल दाबलेले असतानाच ती हळूहळू परत येऊ लागली आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टरचा पुढचा कप वॉशर तेल मागे सोडतो आहे. या दोषात बाहेर एक थेंबही पडत नाही, म्हणून तो बराच काळ सापडत नाही. याच वेळी स्लेव्हजवळच्या रबरी होजकडेही लक्ष ठेवावे. पेडल दाबताना होज फुगत असेल तर ती बदलावी.

चौथी : मदतनीसाने खाली न राहता बाजूला यावे, गाडीपुढे व मागे कोणी नसावे. इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबावा, मनात पाच अंक मोजावेत आणि मग रिव्हर्स गिअर टाकून पाहावा. खरखर झाली तर क्लच पुरता सुटत नाही.

स्लेव्हची चाल पुस्तकात दिल्याप्रमाणे पूर्ण भरते, मिनिटभर टिकते, आणि तरीही चौथ्या तपासणीत खरखर होते, असे असेल तर दोष आत आहे. प्रेशर प्लेट, फोर्क किंवा बेअरिंग पाहावे लागेल. मग खुशाल गिअरबॉक्स उतरवावा.

५. साहित्य

सिलेंडर विकत घेण्यापूर्वी गाडीचे मॉडेल, साल आणि चासी नंबर कागदावर लिहून न्यावा. शक्यतो जुना सिलेंडर दुकानात नेऊन नव्याशी ताडून पाहावा. यात चार गोष्टी जुळल्या पाहिजेत : नळकांड्याचा आतला व्यास, बोल्टांच्या भोकांमधले अंतर, नळीच्या नटाचा आटा आणि सळईची लांबी. व्यासाचा आकडा बहुधा अंगावरच ओतलेला असतो. व्यास लहान निघाला तर क्लच हलका लागतो पण चाल कमी पडून तो सुटत नाही. मोठा निघाला तर पेडल जड होते.

नुसते रबरी किट टाकावे की सिलेंडर नवा घ्यावा? जुन्या सिलेंडरची नळी आतून पुसून उजेडात पाहावी. ती आरशासारखी गुळगुळीत असेल तर किट चालेल. गंजाचे खड्डे किंवा रेघा दिसल्या तर नवे रबर त्यावर घासून महिन्या-दोन महिन्यांत फाटते. अशा वेळी नवाच घ्यावा. अॅल्युमिनियमची नळी पॉलिश पेपरने घासू नये. वरचा कठीण थर निघून जातो.

तेलाविषयी काटेकोर राहावे. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते खरे तर ऑइल नव्हे. ते ग्लायकॉल जातीचे द्रव आहे. डब्यावर डॉट-३ किंवा डॉट-४ असे लिहिलेले असते. टाकीच्या झाकणावर जे लिहिले असेल तेच घ्यावे. इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल यात घातले तर रबर फुगते आणि सगळेच वॉशर निकामी होतात. टाकी ब्रेकची व क्लचची एकच असेल तर ब्रेकही जातात. कोणी चुकून असे ऑइल घातले असेल तर नुसते काढून टाकून भागत नाही. रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो आणि गाडी तोवर चालवू नये. हे द्रव हवेतील ओल शोषून घेते. म्हणून वर्षभर फोडून ठेवलेला डबा वापरू नये, नवा सीलबंद घ्यावा. ते रंगावर पडले तर रंग उठतो. लगेच पाण्याने धुवावे. ते विषारी आहे. पाण्याच्या किंवा गोडेतेलाच्या बाटलीत ते ठेवू नये.

इतर साहित्य : पाने, पक्कड, नळीच्या नटासाठी तोंड चिरलेला रिंग पाना, मोठी नवी सिरिंज, हात-दीड हात पारदर्शक नळी, काचेची स्वच्छ बाटली, न फुटणारा सुती कपडा आणि मोजपट्टी.

६. जुना सिलेंडर उतरवणे

(१) सिलेंडरभोवतीची धूळ आधी ब्रशने व फडक्याने साफ करावी. मातीचा एक कण आत गेला तर नवा वॉशर चिरतो.

(२) सिरिंजने टाकीतील तेल काढून घ्यावे. टाकी ब्रेकबरोबर एकच असेल तर ती पूर्ण रिकामी करू नये. क्लचच्या नळीच्या तोंडाखाली पातळी येईल एवढेच काढावे. मग ती नळी सोडून तिला बूच मारावे. ब्रेकच्या बाजूला हवा जाता कामा नये.

(३) पेडलजवळ, सळई जिथे जोडली आहे तिथली स्प्लिट पिन काढावी आणि आडवी पिन ओढून घ्यावी. ही पिन आणि तिचे भोक झिजून लांबट झाले असेल तर तेही बदलावे. तिथली दोन मिलिमीटर झीज पेडलवर सहापट होऊन दिसते आणि दोष सिलेंडरचा वाटतो. सळईची लांबी सैल करण्यापूर्वी मोजून लिहून ठेवावी.

(४) धातूच्या नळीचा नट सोडावा. जुन्या गाडीत तो गंजून धरलेला असतो. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल बाहेरून लावून ठेवावे. साध्या पान्याने जोर केला की नटाचे कोपरे झिजतात, म्हणून तोंड चिरलेला रिंग पाना वापरावा. नटाबरोबर नळी पिळवटत असेल तर थांबावे. नट थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत मोकळा करावा. नळी सुटली की टोकाला रबरी टोपी घालावी. चिंधी कोंबू नये, धागे आत जातात.

(५) सिलेंडरचे दोन्ही बोल्ट काढून तो बाहेर घ्यावा. खाली पत्र्याच्या चकत्या असतील तर त्या मोजून जपून ठेवाव्यात.

७. नवा सिलेंडर बसवणे

नवा सिलेंडर कोरडा बसवू नये. तो व्हाइसमध्ये हलका धरावा, तेल भरावे आणि दट्ट्या बोथट काडीने सावकाश आत ढकलावा व सोडावा. बाहेरचे तोंड परत येताना बोटाने झाकावे. बुडबुडे थांबेपर्यंत असे आठ-दहा वेळा करावे. हे केले तर पुढचे हवा काढण्याचे काम निम्मे होते.

मग सिलेंडर जागेवर नेऊन आधी नळीचा नट हाताने दोन-तीन आटे बसवून घ्यावा आणि त्यानंतर बोल्ट आवळावेत. बोल्ट आधी आवळले की नळी तिरकी लागते, आटे कापले जातात आणि नवा सिलेंडर वाया जातो. नट हाताने सहज फिरला पाहिजे. अडला तर काढून पुन्हा लावावा. शेवटी आडवी पिन घालून नवी स्प्लिट पिन टाकावी. जुनी सरळ करून वापरू नये.

८. पेडलची सैल

सळई आणि दट्ट्या यांच्यात थोडी फट हवी. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. बहुतेक जुन्या गाड्यांत ती १ मिलिमीटरच्या आसपास असते. पेडलची तरफ सहापट धरली तर पेडल वरच्या टोकाला ६ मिलिमीटर रिकामे हलले पाहिजे. ते हाताच्या बोटाने हलवून पाहावे, पायाला एवढे कळत नाही.

ही फट का हवी? फट नसेल तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही आणि टाकीकडचे बारीक भोक झाकलेलेच राहते. इंजिनच्या उष्णतेने नळीतले तेल फुगते, त्याला परत जायला वाट नसते, आणि ते आपोआप क्लच दाबून धरते. मग घाटात क्लच घसरतो, नवी प्लेटसुद्धा जळते, आणि सगळे म्हणतात प्लेट खराब होती. याची खूण सोपी आहे. क्लच घसरत असताना गाडी उभी करून इंजिन बंद करावे आणि स्लेव्हचे निपल किंचित सोडावे. तेल जोराने उडाले आणि त्यानंतर क्लच धरू लागला, तर दोष प्लेटचा नव्हे, या फटीचा किंवा बुजलेल्या भोकाचा आहे. वर (अ) मध्ये "बहुधा" असा शब्द वापरला तो यासाठीच.

९. हवा काढणे

टाकी नव्या तेलाने भरावी. स्लेव्हच्या निपलवर आधी रिंग पाना आणि मग पारदर्शक नळी चढवावी. नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवून ठेवावे. आता दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगत काम करावे.

खालचा म्हणेल, "दाब." वरचा सावकाश पेडल दाबेल आणि म्हणेल, "धरलं." खालचा निपल पाव फेरा सोडेल. तेल आणि बुडबुडे येतील. निपल आवळून तो म्हणेल, "सोड." मगच वरच्याने पाय उचलायचा. निपल उघडे असताना पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत फुकट जाते. दर पाच-सहा खेपांनी टाकी पाहावी. ती रिकामी होऊ देऊ नये.

बुडबुडे थांबून सलग स्वच्छ तेल आले की काम झाले. पेडल तरीही मऊ लागले तर नळीला कुठे उंचवटा आहे का ते पाहावे. हवा वर चढते आणि अशा जागी अडकून बसते. तिथे खालून वर तेल द्यावे. स्लेव्हच्या निपलमधून सिरिंजने सावकाश तेल ढकलले की हवा टाकीकडे निघून जाते. बाटलीत जमा झालेले तेल पुन्हा टाकीत ओतू नये, आणि ते ओढ्याला किंवा पाटालाही सोडू नये.

१०. चाचणी

गाडीखाली जायचे तर जॅकबरोबर पक्के स्टँड लावूनच जावे. नुसत्या जॅकवर कोणीही खाली झोपू नये. निपलवर टोपी घालावी. स्लेव्हची चाल पुन्हा मोजावी आणि जुन्या आकड्याशेजारी लिहावी. मिनिटभर पेडल धरून चाल टिकते का ते पाहावे. सगळे सांधे कोरड्या कापडाने पुसून दहा वेळा पेडल दाबावे आणि बोट फिरवावे. टाकी एकच असेल तर ब्रेक पेडलही दाबून पाहावे. ते कडक लागल्याशिवाय गाडी हलवू नये. मग रिव्हर्सची तपासणी मोकळ्या जागेत करावी. खळ्यावर किंवा रिकाम्या रानात चार फेऱ्या माराव्यात आणि मगच रस्त्यावर यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि आठ दिवसांनी टाकीची पातळी पाहावी.

स्वतःला जमणार नाही असे वाटले तर जरूर मेस्त्रीकडे जावे. पण तिथे उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात : स्लेव्हची चाल मोजली का, तेलाचा डबा सीलबंद होता का, आणि पेडलची सैल बोटाने हलवून पाहिली का.

११. रस्त्यात क्लच गेला तर

गर्दीत असाल तर पहिले काम इंजिन बंद करण्याचे. गिअर न्यूट्रलमध्ये आणता आला तर आणावा, हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा आणि माणसे बाजूला करून गाडी ढकलत कडेला घ्यावी. गाडी गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारून चालवण्याची युक्ती ड्रायव्हरांना ठाऊक असते. चावी फिरवताच अशी गाडी उडी मारते. वारीत, वजनकाट्याच्या रांगेत किंवा टोळीच्या माणसांत ती युक्ती कधीही करू नये. दिवे घाटात किंवा रोटी घाटात तर पुढेही माणसे आणि मागेही माणसे असतात. तिथे चढाला थांबत-चालत जावे लागते आणि क्लच दर पन्नास पावलांवर दाबावा लागतो. कमजोर कप वॉशरची खरी परीक्षा तिथेच होते. ती परीक्षा घरी, चाकाला ठोकळे लावून आधीच घेतलेली बरी.

१२. उजळणी

वाचकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या गाडीपाशी उभे राहून द्यावीत.

१) आपल्या गाडीचा क्लच सळईचा, केबलचा की तेलाचा?
२) ब्रेक आणि क्लच यांची टाकी एक की दोन? झाकणावर कोणत्या तेलाचे नाव आहे?
३) स्लेव्हची चाल आज किती मिलिमीटर भरली? मिनिटभराने किती राहिली?
४) पेडल बोटाने किती रिकामे हलते?
५) मास्टरच्या मागची आणि स्लेव्हची रबरी टोपी कोरडी आहे का?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे आकडे तारखेसह टाकीशेजारी पत्र्यावर रंगाने लिहून ठेवावेत. पुढच्या मोळी टाकण्याच्या आधी तेच पुन्हा मोजावे. चाल दोन मिलिमीटरने जरी कमी भरली, तरी सिलेंडर म्हातारा झाला असे समजून सामानाची सोय लावावी. दिंडीला गाडी देणाऱ्या सभासदांनी मात्र हे मोजमाप प्रस्थानापूर्वी किमान आठ दिवस उरकावे, म्हणजे सामान आणायला आणि चाचणी घ्यायला वेळ राहील.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग